झांबेझीवर होतो आणि भुशीचा व्हिडिओ आला

30 जून 2024, रविवार. झांबियात जुलैचा पहिला सोमवार आणि मंगळवार हीरोज डे, युनिटी डेची सुट्टी असते, त्या वर्षी सोमवार नेमका 1 तारखेला आला, मग काय, मी, बायको आणि पोरगी, आम्ही राहतो त्या लुसाकातनं पावणेपाचशे किलोमीटर गाडी हाणत लिव्हिंगस्टनला. वाटेत माझाबुका लागतं, दोन्ही बाजूला ऊस आणि पुढे साखर कारखाना, काच खाली केली की तोच मळीचा वास. बायकोचं माहेर माळेगाव, तेही साखर कारखान्याचंच गाव. दर वेळी माझाबुकाला गाडी थांबवायला लावते, फोटो काढते, भावाला पाठवते.

व्हिक्टोरिया फॉल्स सकाळीच बघून घेतला होता. इथलं नाव मोसी-ओआ-तुन्या, म्हणजे गर्जणारा धूर. रुंदी 1,708 मीटर, उंची 108, हे आकडे सांगून काही उपयोग नाही खरं तर, कारण समोर उभं राहिलं की अख्खा धबधबा एका नजरेत मावतच नाही, तुकड्या-तुकड्यानेच बघावा लागतो. ते दुष्काळाचं वर्ष होतं. फेब्रुवारीतच राष्ट्राध्यक्ष हिचिलेमांनी राष्ट्रीय आपत्ती जाहीर केलेली, मका शेतातच वाळला, करिबा धरणात पाणी नाही म्हणून लुसाकात तासन्तास लाइट नाही. तरी धबधब्यासमोरच्या नाइफ एज पुलावर भाड्याचे रेनकोट घालूनसुद्धा आम्ही भिजलो. खडक मात्र ओळखीचा वाटला, काळा, उभा तुटलेला, भेगा पडलेला. बेसाल्टच आहे, सह्याद्रीसारखा, फक्त आपला साडेसहा कोटी वर्षांचा आणि हा जवळपास 18 कोटींचा. म्हणजे थोरला भाऊ. रेलिंग बऱ्याच ठिकाणी कमरेच्या खालीच, आणि पोरीचा हात मी असा धरलेला की ती शेवटी चिडली.

संध्याकाळी चारला बोट. धबधब्याच्या वर झांबेझी नदी इतकी शांत की ही पुढे जाऊन उडी मारणारे हे खरं वाटत नाही. पाणकोंबड्यांसारखं काहीतरी, गरुडाची ती लांब किंकाळी, पलीकडच्या बेटावर हत्ती, आणि मग हिप्पो. आधी नुसते कान आणि डोळे, पाण्यावर कुणी दगड ठेवलेत असं वाटतं. कॅप्टन चिटोंगा, म्हणजे इथली भाषा, बोलणारा, पन्नाशीचा माणूस, त्याने इंजिन हळू केलं आणि बराच लांब थांबला. एकाने जवळ घ्या म्हणून सांगितलं, त्याने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. मग एक हिप्पो बुडाला, तशी त्याने लगेच बोट मागे घेतली. म्हणाला, दिसतोय तोपर्यंत काही नाही, दिसेनासा झाला की तो कुठून वर येईल सांगता येत नाही. हिप्पो तसा पोहत नाही म्हणे, तळावर पाय टेकत पळतो. रात्री गवत खायला बाहेर पडतो, तेव्हा त्याच्या आणि पाण्याच्या मधे आपण आलो की संपलं. पोरीने हात पाण्यात घातला होता, तो त्याने एकदाच "मॅडम" म्हणून बाहेर काढायला लावला. पाच मिनिटांनी काठावर मगर दिसली, ओंडक्यासारखी, तोंड उघडं टाकून.

आणि तेव्हाच फोन वाजला. घरच्या ग्रुपवर व्हिडिओ. लोणावळ्याच्या भुशी धरणाच्या मागचा धबधबा, मधल्या खडकावर एकमेकांना घट्ट धरून उभं असलेलं कुटुंब, भोवती पाणी वाढतंय, काठावरचे लोक ओरडतायत. तुम्ही सगळ्यांनी बघितलाय तो. हडपसरकडची माणसं, पाच जण गेले, त्यात लहान मुलं. मी पुढे बघू शकलो नाही, फोन खिशात टाकला, समोर सूर्य मावळत होता आणि सगळे त्याचे फोटो काढत होते.

रात्री ग्रुपवर नेहमीचं सुरू. तळेगावचे काका: सगळे धबधबे बंद करा, पोलीस बसवा. मावसभाऊ: अडाणी लोक आहेत, अक्कल नाही, रील्सचा नाद. दोन-तीन दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांचा आदेशही आला, पाण्यात उतरू नका, सेल्फी-रील काढू नका वगैरे. गंमत म्हणजे 1 जुलैलाच नवीन फौजदारी कायदा लागू झाला, इतकी वर्षं आपण ज्याला कलम 144 म्हणायचो ते आता 163. आकडा बदलला, आदेश तोच.

मी लिहिलं की काका, इथे काल सकाळपासून मला चार माणसांनी "नाही" म्हटलं, आणि चौघंही जागेवर उभे होते. त्यावर लगेच, "तुला तिकडे बसून काय कळतंय?" हे उत्तर ठरलेलंच असतं आपल्यासाठी, आणि दर वेळी ते चुकीचंही नसतं. लिव्हिंगस्टन म्हणजे लांब, महाग, परदेशी माणसाला तेव्हा नुसत्या तिकिटाचेच 20 डॉलर. लोणावळा पुण्या-मुंबईच्या कोट्यवधी लोकांना दोन तासांवर, आणि फुकट. वन बीएचकेत सहा जण राहणाऱ्यांनी पावसाळ्यात एक रविवार कुठे जायचं, रिसॉर्टला? आणि झांबेझीसुद्धा सगळ्यांना सांभाळते असं नाही. आमच्या ऑफिसच्या ड्रायव्हरचा चुलतभाऊ मगरीने नेला, मासे धरताना. त्याच्याजवळ कुणी कॅप्टन नव्हता. इथली सेफ्टी डॉलरवाल्यांची आहे, हे मला माहितीये, मी त्यातलाच एक आहे.

पण "अक्कल नाही" हे मला पटत नाही ते नाहीच. अक्कल इथल्या टुरिस्टलाही नसते, मी बघितलंय, ब्रिटिश बाबा रेलिंग ओलांडून फोटोला उभा होता. त्याला गार्डने दंडाला धरून मागे आणला. आणि आपला ओढा झांबेझीपेक्षा जास्त फसवा आहे. झांबेझीचं पाणी वर बारोत्सेच्या मैदानात पसरतं, रेंगाळतं, पाऊस संपत आला तरी लिव्हिंगस्टनला पूर एप्रिलच्या सुमारास येतो. इतका सावकाश की तिथल्या लोझी लोकांचा राजा वाजतगाजत नावेत बसून उंचावरच्या वाड्यात मुक्काम हलवतो, कुओम्बोका म्हणतात त्याला, अख्खा उत्सवच. सह्याद्रीत वरच्या डोंगरावर सर आली की खाली कोरड्या उन्हात उभ्या माणसाला पत्ताच नाही, पाणी येतं ते आलंच. ते कळतं कुणाला? तिथल्या गावातल्या पोराला, गुराख्याला, धनगराला. पाण्याचा रंग गढूळ झाला, काडी-कचरा वाहायला लागला की तो सांगेल, उठा. पण आपण त्याला तिथे कणीस आणि भजी विकायला उभा करतो, पाण्यापाशी नाही. लोणावळ्याची शिवदुर्ग मित्रची पोरं जीव धोक्यात घालून रेस्क्यूला जातात, पण त्यांना आपण बोलावतो कधी? सगळं झाल्यावर.

इथे कॅप्टनचा रोजगारच त्यावर आहे. बोटीतलं माणूस गेलं तर त्याचं पोट गेलं. तेवढाच फरक, बाकी इथे काही संस्कृती-बिंस्कृती जास्त आहे असं नाही. तिकीट घ्या ना भुशीलाही, वीस-तीस रुपये घ्या, आकडा ठरवून माणसं सोडा, आणि त्यातनं मावळातल्या पन्नास पोरांना पावसाळाभर पगार द्या, शिट्टी द्या, आणि मुख्य म्हणजे हाताला धरून बाहेर काढायचा अधिकार द्या. काका म्हणाले, त्यातही खातील. खातील. पण पुढच्याच वर्षी, 15 जून 2025 ला, तळेगावजवळचा कुंडमळ्याचा पूल पडला, चार जण गेले, तिथे धोक्याचा बोर्ड होता की. बोर्डाने कुणाला हाताला धरलं?

पुलाचं सोडून हे सगळं मी मोठ्या तावाने टाइप करत होतो, त्या मंगळवारी घरी पोचल्यावर, अंधारात, आणि मधेच बॅटरी गेली. सकाळी लाइट आल्यावर बघितलं तर काकांचा एकच मेसेज, त्यांना माझ्या आईबरोबर ऑक्टोबरमध्ये यायचंय, धबधबा कसा असेल तेव्हा? मी सांगितलं, आमच्या झांबियाच्या बाजूला ऑक्टोबरात जवळपास कोरडाच असतो.

"म्हणजे एवढं विमानाने येऊन खडक बघायचे? ते आमच्याकडे मे महिन्यात आहेतच की."