फिट्सवरची दोन औषधं निष्फळ ठरली असतील, तर किटो आहाराबद्दल विचारा

‘किटो’ म्हटलं की आज सगळ्यांना वजन कमी करणं आठवतं. हा आहार मुळात फिट येणाऱ्या रुग्णांसाठी तयार झाला, हे सांगितलं तर पुष्कळांना खरं वाटत नाही. उपास केला की फिट्स कमी होतात हे डॉक्टरांच्या लक्षात आलं होतं, पण माणसाला उपाशी ठेवणार तरी किती दिवस? १९२१ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉ. रसेल वाइल्डर यांनी यावर तोड सुचवली. कर्बोदकं जवळजवळ बंद करायची आणि स्निग्ध पदार्थ भरपूर द्यायचे. मग पोट भरलेलं असूनही शरीर उपासात असल्यासारखं चरबी जाळतं, त्यातून तयार होणारे किटोन रक्तात वाढतात आणि मेंदू बराचसा त्यांच्यावर चालतो.

१९३८ मध्ये फेनिटॉइन हे औषध फिट्सवर चालतं असं दिसून आलं. गोळी देणं सोपं, त्यामुळे आहार मागे पडला. १९९० च्या दशकात चित्रपट दिग्दर्शक जिम अब्राहम्स यांचा लहानगा चार्ली औषधांनी आणि शस्त्रक्रियेनेही बरा होईना. वडिलांनी स्वतः पुस्तकं धुंडाळली, तेव्हा त्यांना हा उपाय सापडला. अमेरिकेतल्याच जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात आहार सुरू झाला आणि चार्लीच्या फिट्स थांबल्या.

उपचार होता, पण तो आईवडिलांना शोधून काढावा लागला. आजही अनेक घरांत हेच चालू आहे आणि मला त्याचाच संताप येतो.

जगात अपस्माराचे, म्हणजे फिट येण्याच्या आजाराचे, सुमारे ५ कोटी रुग्ण आहेत. त्यातल्या साधारण एक तृतीयांश लोकांच्या फिट्स औषधांनी आटोक्यात येत नाहीत. नीट निवडलेली, नीट दिलेली दोन औषधं निष्फळ ठरली, तर तिसऱ्या-चौथ्याने फिट्स पूर्ण थांबण्याची शक्यता फार कमी उरते. म्हणूनच मुलांच्या बाबतीत दोन औषधांनंतर या आहाराचा गांभीर्याने विचार करा, असं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. मेंदूला साखर नीट पोचत नाही अशा ‘ग्लुट-वन’च्या आजारात तर हाच पहिला उपचार. तरीही गोळ्या बदलण्यात वर्षं जातात, आणि ती लहान मुलाच्या वाढीची वर्षं असतात.

पुरावा नाही म्हणावं, तर तोही आहे. लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट रुग्णालयातल्या डॉक्टरांनी २००८ मध्ये १४५ मुलांवरच्या चाचणीचे निष्कर्ष मांडले. तीन महिन्यांनी आहार घेणाऱ्यांपैकी ३८ टक्के मुलांच्या फिट्स निम्म्याहून कमी झाल्या होत्या. आहार न घेणाऱ्यांत हे प्रमाण होतं ६ टक्के.

मात्र हे सोपं नाही. माझ्या भाचीचा आहार सुरू झाला तेव्हा मी बहिणीच्या स्वयंपाकघरात उभी राहून पाहिलंय. प्रत्येक घास डिजिटल काट्यावर ग्रॅममध्ये मोजायचा. वाटीला चिकटलेलं तेलसुद्धा निपटून पोटात गेलं पाहिजे, कारण तोही हिशोबातलाच भाग. सर्दीचं गोड सिरप चालत नाही, तापाच्या औषधात साखर आहे का तेही तपासायचं. बद्धकोष्ठता, मुतखडा, वाढ मंदावणं यांवर लक्ष ठेवावं लागतं. चरबी वापरण्यात जन्मजात दोष असेल तर हा आहार जिवावर बेतू शकतो, म्हणून आधी रक्त-लघवीच्या तपासण्या हव्यातच. व्हिडिओ बघून घरी सुरू करू नका आणि औषधं मनाने बंद करू नका, हे मी हात जोडून सांगते.

खरी अडचण माझ्या मते वेगळीच आहे. तेल-लोणी जगभर मिळतं, पण फिट्ससाठी हा आहार आखून देणारी आणि अडल्या वेळी फोन उचलणारी आहारतज्ज्ञ मिळत नाही. रुग्णालयं महागडी यंत्रं घेतात, पण या एका पदासाठी हात आखडतात. जिथे इतकी काटेकोर मोजदाद शक्य नाही, तिथे २००३ पासून वापरात आलेला सुधारित ॲटकिन्स आहार आहे. त्यात मुख्यतः कर्बोदकं मोजायची असतात. दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांनी २०१३ मध्ये दाखवून दिलं की, औषधांना दाद न देणाऱ्या मुलांना त्याचाही चांगला उपयोग होतो. मोठ्यांसाठीही हाच जास्त वापरतात.

तेव्हा तुमच्या घरी कुणाची दोन औषधं निष्फळ ठरली असतील, तर पुढच्या भेटीत न्यूरोलॉजिस्टना सरळ विचारा: आमच्यासाठी किटो आहार चालेल का? नकार आला तर कारण विचारा. आजारामुळे चालत नसेल तर प्रश्नच मिटला. पण ‘आमच्याकडे सोय नाही’ असं उत्तर आलं, तर सोय कुठे आहे ते विचारा आणि तिथली चिठ्ठी लिहून घेतल्याशिवाय उठू नका.