‘इम्प्रूव्ह’ची पाच रहस्ये आणि भाचीचा खुलासा

माझी भाची कळंगुटच्या एका हॉटेलात रिसेप्शनला लागली, त्याला दोन महिने झाले. गेल्या आठवड्यात तिने एकाच खोलीची चावी दोन पाहुण्यांना दिली. मॅनेजरने लेखी खुलासा मागवला. तिने शेवटी लिहिले, ‘आय विल इम्प्रूव्ह माय मिस्टेक्स.’ मॅनेजरने ते वाक्य सगळ्या स्टाफसमोर मोठ्याने वाचून दाखवले. पोरगी पणजी ते फोंडा बसमध्ये रडत आली.

‘मामा, पण ह्यात तसंच लिहिलंय,’ म्हणून तिने फोन पुढे केला. ‘शाळेत न शिकवलेले इंग्रजी : इम्प्रूव्हची पाच रहस्ये.’ तिला तो फॉरवर्ड पाठवला होता तिच्या आईने, म्हणजे माझ्या ताईने. मलाही महिन्याभरात तीनदा आला होता, न वाचता पुसला. आता वाचला.

चौथ्या रहस्यापासून सुरुवात करतो, कारण पोरीला तेच भोवले. ‘सुधारणे म्हणजे इम्प्रूव्ह. चूक, तब्येत, अक्षर, सगळ्याला हाच शब्द लावा.’ अहो, आपले ‘सुधारणे’ दोन वेगळी कामे करते. वाईट असेल ते काढून टाकणे हे एक आणि बरे असेल ते आणखी बरे करणे हे दुसरे. इम्प्रूव्ह फक्त दुसरे काम करते. ज्याला ते लावाल ती वस्तू जागेवर राहते आणि वरचढ होते. अक्षर राहते, वळणदार होते. चूक राहायलाच नको असते! म्हणून भाचीच्या वाक्याचा अर्थ झाला, ‘माझ्या चुका मी यापुढे अधिक दर्जेदार करीन.’ म्हणजे पुढच्या वेळी तीन पाहुण्यांना एक चावी. चूक करेक्ट करायची, गळका नळ रिपेअर करायचा, कायदा अमेंड करायचा. कायद्यात ‘सुधारणा’ झाली म्हणजे तो इम्प्रूव्ह झाला असे नाही, हे गोव्यात जमिनीचे कायदे पाहिलेल्याला मी काय सांगणार.

तिसरे रहस्य म्हणते, इम्प्रूव्हला कर्म हवेच, ‘माय हेल्थ इम्प्रूव्ह्ड’ चूक. साफ खोटे. ‘त्याने अक्षर सुधारले’ आणि ‘तब्येत सुधारली’ ही दोन्ही वाक्ये आपण बोलतो ना? इंग्रजीतही दोन्ही चालतात. इथे मराठीवर विश्वास ठेवला असता तरी पुरे होते.

आता पहिले रहस्य : ‘इम्प्रूव्ह म्हणजे आय ॲम अधिक प्रूव्ह, म्हणजे स्वतःला सिद्ध करा.’ ह्याच्यावर शाई खर्च करायची तर ऑक्सफर्डचा कोश उघडून मोकळे होऊ. शब्द सोळाव्या शतकाच्या सुरुवातीचा, रूप ‘एम्प्रोव’, आला अँग्लो-नॉर्मन फ्रेंचमधून. आत आहे जुना फ्रेंच ‘प्रू’, म्हणजे नफा. ‘प्रूव्ह’शी जन्माचे नाते नाही, त्याच्या संगतीने स्पेलिंग तेवढे बदलले. मूळ अर्थ नफा काढणे, किंमत वाढवणे. अमेरिकेत आजही बांधकाम झालेल्या जमिनीला ‘इम्प्रूव्ह्ड लँड’ म्हणतात. त्या हिशेबाने आमचे डोंगर कापून व्हिला उठवणारे शब्दाला अगदी जागतात.

दुसरे रहस्य, ‘इंग्रजांनी संस्कृत प्रभाव हा शब्द चोरून इम्प्रूव्ह केला’. इथे नाइलाजाने थोडे मान्य करावे लागते. त्या ‘प्रू’च्या मागे लॅटिन ‘प्रोदेस्त’ आहे. तो फोडला तर ‘प्रो’ हा आपल्या ‘प्र’चा भाऊ आणि ‘एस्त’ हा ‘अस्ति’चा. पण ते नाते इंग्रज इथे येण्याच्या हजारो वर्षे आधीचे. भावाभावांत नाक सारखे असले म्हणून एकाने दुसऱ्याचे चोरले का? आणि ‘प्रभाव’ला तर त्यात जागाच नाही, तो ‘भू’ धातूचा. आमच्या गोव्यातल्या आसगावच्या भाषाअभ्यासक दालगादोंनी पोर्तुगीजमध्ये शिरलेल्या आशियाई शब्दांचा कोश १९१९ आणि १९२१ मध्ये दोन खंडांत कोइंब्राला छापला. शब्द कुठून आला हे सांगताना ते जुन्या ग्रंथांतले उतारे समोर ठेवत. आवाज जुळला की झाली व्युत्पत्ती, असा कारभार नव्हता.

पाचवे : ‘छाप पाडायची तर इम्प्रूव्हऐवजी एन्हान्स किंवा अमेलिओरेट लिहा.’ नको. एन्हान्स म्हणजे मुळात उंच उचलणे. आधीच चांगल्या असलेल्या गोष्टीला ते शोभते. अमेलिओरेट हालअपेष्टांसाठी, सुस्थितीसाठी नव्हे. त्यातला ‘मेल्योर’, म्हणजे अधिक चांगला, ओळखायला आमच्या पोर्तुगीज शिकलेल्या आजोबांना कोश लागला नसता.

भाचीला दुसरा कागद दिला. इम्प्रूव्ह, करेक्ट दोन्ही वगळायला सांगितले आणि नुसते लिहायला लावले : ‘यापुढे चावी देण्याआधी मी रजिस्टरमध्ये खोलीचा नंबर तपासीन.’ तिने ते इंग्रजीत स्वतः लिहिले, एकही चूक न करता. ताईने मात्र फॉरवर्ड अजून पुसलेला नाही. म्हणते, खाली गणपतीचे चित्र आहे.