दि. बां.चं नाव आणि ट्रंकेतले कागद

आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जून २०२१पासून एक विषय थांबलेला नाही. त्या महिन्यात नवी मुंबईच्या विमानतळाला प्रकल्पग्रस्तांचे नेते दि. बा. पाटलांचं नाव द्यावं म्हणून सिडको भवनाला, म्हणजे हे शहर वसवणाऱ्या सरकारी कंपनीच्या कार्यालयाला, घेराव झाला आणि आमच्या करावे गावातून घरटी माणूस गेला. माझे दोन्ही काका गेले. पुढच्या वर्षी राज्य मंत्रिमंडळाने नावाचा ठराव केला, ऑक्टोबर २०२५मध्ये विमानतळाचं उद्घाटन झालं, आणि आता ग्रुपवर स्मारकाची चर्चा आहे. मोठे काका पुतळ्याच्या बाजूने आहेत. चुलतभावाला चौक हवा आहे, मोठ्या कमानीसकट. व्हर्जिनियातून मी लिहिलं, "दफ्तरखाना करा, जुने कागद जपायला." त्यावर काकांचं एका ओळीचं उत्तर आलं, "तू तिकडे राहतेस, तुला काय कळणार बाय."

काका रागाने बोलले नव्हते. तरी त्यांना सविस्तर उत्तर द्यायला हवं असं वाटलं.

मी राहते अ‍ॅलेक्झांड्रियाला. तिथून गाडीने थोड्या अंतरावर पोटोमॅक नदीच्या काठी माउंट व्हर्नन आहे, जॉर्ज वॉशिंग्टनची जमीनजुमल्याची जागा. पहिल्यांदा गेले तेव्हा पर्यटक म्हणून वाडा बघितला, गच्चीवजा ओसरीतून नदी बघितली आणि परत आले. दुसऱ्यांदा गेले ते एका यादीसाठी. जून १७९९मध्ये, मरायच्या सहा महिने आधी, वॉशिंग्टनने आपल्या पाचही शेतांवरच्या गुलामांची यादी स्वतःच्या हाताने केली. कुणाचं वय काय, काम काय, कुणाची बायको कुठल्या शेतावर आहे, हे सगळं त्यात आहे. माउंट व्हर्ननवर तेव्हा ३१७ गुलाम होते. त्यातले १२३ वॉशिंग्टनच्या मालकीचे, त्यांना मुक्त करायचं त्याने मृत्युपत्रात लिहिलं. १५३ जण त्याची बायको मार्था हिच्या पहिल्या नवऱ्याच्या इस्टेटीतून आलेले, त्यांना सोडायचा कायदेशीर हक्कच त्याला नव्हता. नवरा एका गटातला आणि बायको दुसऱ्या गटातली अशी कितीतरी घरं होती. मार्था १८०२मध्ये गेल्यावर ते १५३ जण तिच्या नातवंडांत वाटले गेले आणि घरं फुटली.

ही यादी बघताना मला आमच्या सातबाऱ्याची आठवण झाली. गुलामी आणि भूसंपादन या एका मापाच्या गोष्टी नाहीत, तसं मला म्हणायचंही नाही. आठवलं ते एवढ्यासाठी की कागदावर कुठल्या रकान्यात नाव आहे त्यावर माणसाचं पुढचं सगळं आयुष्य ठरतं, हे मी घरात बघितलं होतं.

आमच्याकडचं ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. १९७०मध्ये सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण पट्ट्यातल्या ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी संपादनात गेली. भातखाचरं गेली, मिठागरं गेली, खाडीचं पाणी अडवणारे पिढ्यान्‌पिढ्यांचे बांध गेले. जासईचे दि. बा. पाटील वकील होते, शेतकरी कामगार पक्षाचे, पनवेलचे आमदार, पुढे खासदार, विधानसभेत विरोधी पक्षनेते. जानेवारी १९८४मध्ये जासईच्या आंदोलनात गोळीबार झाला, पाच शेतकरी हुतात्मा झाले, आणि त्या लढ्यातूनच पुढे गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित जमीन भूखंडाच्या रूपात परत देण्याची योजना आली. "साडेबारा टक्के" हा शब्द आमच्या गावांत लग्नाच्या बोलणीतसुद्धा येतो, इतका तो घरात मुरलेला आहे.

माझ्या आजोबांची एक पत्र्याची ट्रंक आहे. त्यात संपादनाच्या नोटिसा आहेत, मोबदल्याचा तपशील आहे, सभांची हँडबिलं आहेत, आजोबांनी वहीच्या पानांवर लिहिलेले हिशेब आहेत: कुठल्या खाचरात किती खंडी भात, कुठल्या साली बांध फुटला. एका कार्यालयाने मूळ फाइल सापडत नाही म्हणून सांगितलं तेव्हा याच ट्रंकेतल्या नकलेवर आमचं काम झालं होतं. आजी मात्र म्हणायची, "जमीन गेली, मंग कागूद कनाला जपाचा?" दोन वर्षांपूर्वी जुनं घर पाडून इमारत बांधायचं ठरलं तेव्हा ती ट्रंक भंगारात निघाली होती. धाकट्या काकूने अडवली. अशा किती ट्रंका ९५ गावांतून रद्दीत गेल्या असतील, या विचाराने मला झोप लागत नाही.

वॉशिंग्टनला कागदांची काळजी होती. १७९७मध्ये राष्ट्राध्यक्षपद सोडून घरी आल्यावर त्याने युद्धमंत्री जेम्स मॅकहेन्रीला लिहिलं की आता मला एकच इमारत बांधायची आहे, माझ्या लष्करी, सरकारी आणि खासगी कागदांसाठी. ती त्याच्या हयातीत झाली नाही. तिची जागा घेणारं ग्रंथालय माउंट व्हर्ननला २०१३मध्ये उघडलं, म्हणजे २१६ वर्षांनी. मधल्या काळात काय झालं तेही ऐका. मार्थाने नवराबायकोची जवळजवळ सगळी पत्रं जाळली. पुतण्या बुशरॉडने आलेल्या-गेलेल्यांना आठवण म्हणून पानं वाटली. जॅरेड स्पार्क्स नावाच्या संपादकाने पहिल्या शपथविधीच्या भाषणाचा न वापरलेला मसुदा कापून तुकडे भेट दिले. १८५०च्या दशकात वाड्याची ओसरी जहाजाच्या डोलकाठ्यांचा टेकू देऊन उभी होती. अमेरिकन लोकांना जात्याच कागदांची कदर असते असं जे आपल्याकडे बोललं जातं, ते खरं नाही. त्यांनीही भरपूर घालवलं.

वाचवलं ते बायकांनी. अ‍ॅन पामेला कनिंगहॅम या आजारी बाईने १८५३मध्ये इतर बायकांना हाक दिली, वर्गणी गोळा झाली, आणि १८५८मध्ये २,००,००० डॉलरला घर आणि २०० एकर जमीन विकत घेण्याचा करार झाला. त्या बायकांची संस्था आजही सरकारी अनुदानाशिवाय ती जागा चालवते. मात्र त्याच संस्थेला गुलामांच्या दफनभूमीवर पहिली साधी खुणेची शिळा बसवायला १९२९ साल उजाडलं, आणि तिथे नीट स्मारक व्हायला १९८३. तिथल्या थडग्यांचा शोध घेणारं उत्खनन तर २०१४मध्ये सुरू झालं. वाडा आधी, माणसं नंतर, हा क्रम तिथेही होता. तो बदलू शकला कारण यादी शिल्लक होती.

काका, म्हणून मी दफ्तरखाना म्हणते. आणि त्यासाठी अमेरिकेचं उदाहरण लागतच नाही. १८९३मध्ये विनायक लक्ष्मण भावे या विशीतल्या तरुणाने मित्रांना घेऊन ठाण्यात मराठी ग्रंथ संग्रहालय काढलं, ते आजही चालू आहे. त्यांनी जुन्या पोथ्या हुडकल्या, महानुभावांच्या सांकेतिक लिपीची उकल केली. खाडीपल्याडच्या ठाण्यात हे होऊ शकलं, तर ज्यांच्या जमिनीवर अख्खं शहर उभं राहिलं त्यांच्याकडून का होऊ नये? आपल्या गावांत आता पैसा आहे. गावदेवीच्या जत्रेला, हळदीला, क्रिकेटच्या स्पर्धांना किती वर्गणी निघते ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

या दफ्तरखान्यात दि. बां.ची भाषणं असावीत, पत्रं असावीत, आंदोलनात लाठ्या खाल्लेल्यांच्या आवाजातल्या आठवणी असाव्यात. हळदीला धवळे, म्हणजे लग्नाची गाणी, म्हणणाऱ्या धवलारिणी आता म्हाताऱ्या झाल्या आहेत, आमची आत्या त्यातली एक. तिच्या धवळ्यांत ज्या खाचरांची आणि बांधांची नावं येतात ती कुठल्याही नकाशावर नाहीत.

आणि आपल्याला बोचतील असे कागदही त्यात हवेत, हे मी ठासून सांगते. आमच्या ट्रंकेत एक हक्कसोडपत्र आहे. त्यावर तिन्ही आत्यांचे अंगठे आहेत. जमीन गेली तेव्हा त्यांचीही गेली होती, भातलावणीला त्याही गुडघाभर चिखलात होत्या. भूखंड मिळायची वेळ आली तेव्हा मात्र त्यांची नावं काढून टाकली. मोबदल्यात साडीचोळी झाली. जे दुसऱ्याचं खाचर कसत होते पण ज्यांचं नाव सातबाऱ्यावर कधी चढलंच नाही, त्यांच्या हाती तेवढंही पडलं नाही. सरकारने आपल्यावर केलेला अन्याय आपण मोठ्याने सांगतो, सांगायलाच हवा. हे आपलं आपण केलेलं आहे, तेही सांगायला हवं. आपल्या पहिल्या राष्ट्राध्यक्षाच्या हातची गुलामांची यादी समोर ठेवून इथले लोक त्याचा मान राखतात, भांडतातही. दि. बां.चा मान आत्यांच्या अंगठ्यांनी कमी होईल असं मला वाटत नाही. ते स्वतः वकील होते, कागद काय असतो हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

तिकडे राहून मला काय कळणार, हा काकांचा प्रश्न उरतोच. करावे गावाच्या कडेला परदेशस्थांसाठी मोठी वसाहत झाली, तिला सगळे एनआरआय म्हणतात. शाळेत असताना तो शब्द माझ्यासाठी त्या कुंपणाचं नाव होता. आज मी त्या शब्दात मोडते. रोज गावात राहणाऱ्याइतकं मला कळत नाही, हे मान्य. पण आत्यांच्या अंगठ्यांचा तो एक कागद मला माउंट व्हर्ननच्या यादीपाशी उभी असताना कळला. त्याआधी वीस वर्षं तो घरातच होता आणि मी कधी उलगडून वाचला नव्हता.

डिसेंबरमध्ये येते आहे. धाकट्या काकूने ट्रंक तिच्या फ्लॅटमधल्या पलंगाखाली ठेवली आहे. स्कॅनर मी घेऊन येईन. आत्याने एवढंच विचारलं की धवळे रेकॉर्ड करायला पहाटे बसायचं की रात्री, कारण दिवसा विमानांचा आवाज येतो.