‘फक्त नोकरी बदलली म्हणून प्रीमियम वाढवला’ या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार,

गाडीचा विमा काढून देणाऱ्या आमच्या एजन्सीबद्दलचा तुमचा एका ताऱ्याचा अभिप्राय वाचला. गाडी तीच, चालवणारा तोच, पाच वर्षांत एकही क्लेम नाही, तरी नोकरी बदलल्यावर आम्ही फॉर्मवर ‘विक्री प्रतिनिधी’ टाकलं आणि रिन्यूअलला प्रीमियम वाढला. मित्राने ‘शिक्षक’ लिहिलं तर त्याला कमी पडला. अमेरिकेत असं करायला बंदी आहे, मग ही लूट नाही तर काय, असं तुम्ही विचारलंय. तुमच्या पॉलिसीतलं काही इथे उघड करत नाही. तुम्ही स्वतः लिहिलंय तेवढंच धरून उत्तर देतो.

आधी आमची चूक. रुग्णालयांत जाऊन तिथल्या तंत्रज्ञांना नवं यंत्र वापरायला शिकवणं हे तुमचं काम. तुमची कंपनी उपकरणं विकते म्हणून आम्ही यादीतून ‘विक्री प्रतिनिधी’ निवडलं. फॉर्म दोन गोष्टी वेगवेगळ्या विचारतो: तुम्ही काय करता आणि तुमची कंपनी कशाची आहे. पहिल्या रकान्यात आम्ही दुसऱ्याचं उत्तर भरलं. तुम्ही ऑर्डर घेत नाही, कमिशनवर फिरत नाही, त्यामुळे ‘प्रशिक्षक’ हेच बरोबर. त्याबद्दल मनापासून माफी. नोंद दुरुस्त करून विमा कंपनीकडून नवा कोट, म्हणजे प्रीमियमचा नवा आकडा, मागवतो. जास्तीचा प्रीमियम घेतला गेला असेल, तर फरक परत मिळवून देणं आमचं काम आहे.

पण पदनाम सुधारलं की प्रीमियम जुन्या आकड्यावर येईल, असं सांगून तुम्हाला खूश करणार नाही. पदनाम हा अंदाजाचा भाग आहे. एखाद्या कामातली माणसं किती चालवतात, रात्री चालवतात का, गाडी कुठे उभी करतात, क्लेम किती येतात, यावरून कंपनी त्या गटाचा दर बसवते. तोही प्रत्येक कंपनीचा वेगळा. म्हणून एकच पदनाम एका कंपनीत महाग आणि दुसरीत स्वस्त पडतं. तुमच्या बाबतीत खरा फरक पदनामापेक्षा गाडीच्या वापरामुळे पडतो.

घरातून ठरलेल्या एकाच कामाच्या ठिकाणी जाणं म्हणजे ये-जा. आज या रुग्णालयात, परवा त्या रुग्णालयात, मधेच दुसऱ्या शाखेत, हा कामासाठीचा वापर झाला. आधीची प्रयोगशाळेतली नोकरी पहिल्या प्रकारात बसत होती, आताची बसत नाही. त्यात किलोमीटर आले. तुम्ही लिहिल्याप्रमाणे आठवड्याला तीन भेटी, जाऊन-येऊन प्रत्येकी 60 किलोमीटर. 48 आठवडे धरले तर 8,640 किलोमीटर नुसते कामाचे. अनोळखी रस्ते, वेळ गाठायची घाई, पार्किंगची शोधाशोध वेगळीच. तुम्ही चांगले चालक आहात यात शंका नाही, पाच वर्षांचा नो क्लेम बोनस ते सांगतोच. पण गाडी रस्त्यावर जास्त वेळ असेल तर धोकाही जास्त वेळ असतो.

आता मित्राचं. तो खरोखर शिकवत असेल तर ठीकच. नसेल, तर आज वाचलेले पैसे क्लेमच्या दिवशी अंगाशी येतील. अपघातानंतर सर्व्हेअर, म्हणजे नुकसानीची तपासणी करणारा माणूस, विचारतो: कुठून येत होता, कुठे निघाला होता, डिकीत काय होतं? नोकरीच्या ठिकाणी प्रवासभत्ता घेतलेला असेल तर त्याची नोंदही निघते. ब्रिटनच्या 2012 च्या ग्राहक विमा कायद्यात याचं सूत्रच दिलं आहे. माहिती निष्काळजीपणाने चुकीची दिली आणि खऱ्या माहितीवर 100 प्रीमियम लागला असता तिथे 75 भरला असेल, तर कंपनी क्लेमच्या 75 टक्केच देऊ शकते. जाणूनबुजून खोटं लिहिलं असेल तर पॉलिसी रद्द, क्लेम शून्य, वर भरलेला प्रीमियमही बहुधा परत नाही. इतरत्र नियम वेगळे असतील, पण खोट्या माहितीवर पूर्ण क्लेम मिळेल असं गृहीत कुठेच धरू नका. समोरच्या जखमीला भरपाई देऊन ती रक्कम पॉलिसीधारकाकडून वसूल करण्याची तरतूदही अनेक ठिकाणी आहे.

म्हणून स्वस्त पडणारं पदनाम शोधू नका, खरं बसणारं शोधा. एकाच कामाला यादीतली दोन पदनामं प्रामाणिकपणे लागू पडत असतील, तर दोन्हींचे कोट काढून कमी असलेलं घ्यायला काहीच हरकत नाही. कसोटी सोपी: नेमणूकपत्र सर्व्हेअरच्या हातात ठेवलं तर ते पदनाम टिकेल का? सुट्टीच्या दिवशीचं जोडकामही सांगायचं. त्यात पैसे घेऊन पार्सल किंवा प्रवासी नेणं असेल तर साधी खासगी पॉलिसी तिथे चालत नाही. कामाच्या वापराची भर घातली तरी नाही. त्याला भाड्याच्या वापराचं वेगळं कव्हर लागतं.

अमेरिकेबद्दल तुम्ही म्हणता ते अर्धं खरं आहे. मिशिगनमध्ये जुलै 2020 पासून व्यवसाय, शिक्षण, वैवाहिक स्थिती यांवरून मोटार विम्याचा दर ठरवता येत नाही. पण हे राज्याराज्यांवर आहे, सगळीकडे नाही. नोकरीवरून माणसाची पत ठरवू नये, हा तुमचा राग मला पटतो. मात्र कॅलिफोर्नियाने 1988 मध्ये जनमताने दराचे निकष बदलले, तेव्हा पहिल्या तिनांत वाहन चालवण्याची नोंद आणि अनुभव यांच्यासोबत वर्षाचं अंतरही ठेवलं. म्हणजे पदनाम काढून टाकलं तरी किलोमीटर मोजले जातातच.

अभिप्रायात तुम्ही ओघात लिहिलंय की डेमोचं यंत्र डिकीत असतं. माझी सगळ्यात मोठी काळजी ती आहे. कार पॉलिसी गाडीचं नुकसान भरते. वैयक्तिक सामानाला मर्यादा फार कमी असते, आणि कामाची उपकरणं व नमुने बहुतेक वेळा वगळलेलेच असतात. यंत्र तुम्ही नोकरी करता त्या कंपनीचं आहे, तेव्हा ते वाहतुकीत असताना त्याचा विमा कोणाकडे आहे, हे तिला लेखी विचारून घ्या. आणि घरातलं दुसरं कोणी तुमच्या कामासाठी गाडी नेत असेल तर तेही सांगा; कामाच्या वापराचं कव्हर बरेचदा फक्त नाव दिलेल्या चालकालाच मिळतं.

आम्हाला नेमणूकपत्राचं पहिलं पान, ओडोमीटरचा आजचा फोटो आणि महिन्याभरातल्या भेटींची यादी पाठवा. पदनाम, वापर आणि किलोमीटर यांतल्या प्रत्येकाने प्रीमियम किती हलला, ते विमा कंपनीकडून वेगवेगळं लिहून घेतो. बदलाचं एन्डॉर्समेंट, म्हणजे पॉलिसीतला बदल नोंदवणारा कागद, हातात आलं की त्यावर दोन ओळी तपासा: वापराची मर्यादा आणि लागू होण्याची तारीख. त्या तारखेच्या आधीच्या प्रवासाला ते चालत नाही, म्हणून पुढच्या रुग्णालयभेटीच्या आधीच फोन करा.