आमरी म्हणजे बांडगूळ नव्हे

आंब्या-फणसाच्या बागा असलेल्यांमध्ये एक सल्ला वारंवार पुढे पाठवला जातो: झाडावर वाढणारी आमरी, म्हणजे ऑर्किड, हे बांडगूळच असून ते रस शोषून फांद्या वाळवते, म्हणून ते खरवडून काढावे, फुलांची हौस असेल तर रानातून आणून शेणखताच्या कुंडीत लावावे आणि रोज पाणी घालावे. यातील एकही गोष्ट टिकणारी नाही.

बांडगुळाची मुळे झाडाची साल भेदून आतल्या जलवाहिन्यांना भिडतात. आमरीची मुळे सालीला केवळ चिकटून असतात. पश्चिम घाटातील डेंड्रोबियम मायक्रोबल्बॉन ही चिमुकली आमरी जवळून पाहावी. तिची जेमतेम दोन-अडीच सेंटिमीटरची फुगीर खोडे सालीवर दाटीने बसलेली असतात आणि त्यांच्या तळाशी बारीक मुळे पसरलेली असतात. कोरडे मूळ रुपेरी दिसते, पण त्यावर पाणी पडताच हिरवी छटा उमटते, कारण मुळाबाहेरचा मृत पेशींचा सच्छिद्र थर पाणी टिपून पारदर्शक होतो व आतले हरितद्रव्य दिसू लागते. खोडावरून ओघळणारे पावसाचे पाणी, धुके आणि सालीच्या खाचांत कुजलेला पाचोळा एवढ्यावर तिचे भागते.

वाळक्या फांद्यांवर आमरी आढळते हे खरे. मात्र जुन्या, खडबडीत फांदीवर तिला जम बसवायला वर्षे मिळालेली असतात आणि जुनी फांदी आमरी नसली तरी वाळतेच.

कुंडीचा सल्ला सर्वांत घातक आहे, कारण या मुळांना हवा लागते आणि ओल्या खतमातीत ती कुजतात. खडबडीत सालीच्या ओंडक्यावर रोप सुती दोऱ्याने बांधावे, त्याला झिरपते ऊन व खेळता वारा मिळावा, आणि नवी वाढ चालू असताना भरपूर पाणी दिले तरी संध्याकाळपर्यंत मुळे सुकावीत. पावसाळा सरल्यावर पाने गळतात, तेव्हा रोप मेले असे समजून अनेक जण ते फेकून देतात. वास्तविक त्याच उघड्या खोडांतून पुढे नाजूक दांड्यांवर जांभळट रेषांची पांढरी फुले येतात. या विश्रांतीच्या काळात रोज पाणी घातल्यास खोडे सडतात, अधूनमधून हलका फवारा पुरतो.

राहिला रानातून आणण्याचा प्रश्न. राखीव वनातून परवानगीविना रोप उचलणे भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार गुन्हा आहे. शिवाय आमरीच्या धुळीइतक्या बारीक बियांत अन्नसाठा नसल्याने त्या निसर्गात विशिष्ट बुरशीच्या साथीनेच रुजतात, त्यामुळे ओरबाडलेल्या फांदीवर नवी रोपे सहजी येत नाहीत. हौसेसाठी प्रयोगशाळेत बियांपासून वाढवलेली रोपे रोपवाटिकेतून घ्यावीत.