सात जणांच्या टीममध्ये खालचे दहा टक्के कोण?

जनरल इलेक्ट्रिक या बड्या अमेरिकन कंपनीचे एकेकाळचे प्रमुख जॅक वेल्च. ‘जॅक वेल्च यांचं यशाचं सूत्र’ हा मेसेज कित्येक वर्षं फिरतोय आणि मी तो दर वेळी न वाचता सोडून देत आलो. या वेळी तो माझ्या धाकट्या बहिणीच्या साहेबांनी टीम लीडच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, ‘या अप्रेझलपासून आपणही हेच करणार.’ तिच्या टीममध्ये सात माणसं आहेत. शुक्रवारपर्यंत त्यातल्या एकाचं नाव तळाच्या रकान्यात भरून द्यायचंय. रात्री तिचा फोन आला तेव्हा तिच्या तोंडून शब्द फुटत नव्हता.

मेसेज म्हणतो: कुठल्याही टीममध्ये 20 टक्के उत्तम, 70 टक्के मधले आणि 10 टक्के निरुपयोगी असतातच. ते 10 टक्के दरवर्षी काढले की टीम आपोआप सुधारते. जनरल इलेक्ट्रिक अशीच मोठी झाली. भीती नसेल तर माणसं काम करत नाहीत. आणि माणसाला त्याची जागा न दाखवणं हाच खरा अन्याय.

पहिल्याच मुद्द्यावर माझं डोकं फिरतं. ‘असतातच’ कशावरून? बेल कर्व्ह, म्हणजे मधे बरेच आणि दोन्ही टोकांना थोडे अशी घंटेच्या आकाराची विभागणी, मोठ्या आणि कशाही गोळा झालेल्या समूहाला कदाचित लागू पडेल. मुलाखती घेऊन निवडलेल्या सात जणांना तो लावायला आधार काय? बरं, वादापुरतं मान्य करू की मोठ्या संस्थेत दहांमागे एक जण खरोखर कमी पडतो आणि ही माणसं सगळ्या टीममध्ये कशीही विखुरली आहेत. मग सात जणांच्या टीममध्ये असा एकही माणूस नसण्याची शक्यता किती? 0.9 चा सातवा घात काढा: जवळपास 48 टक्के. म्हणजे निम्म्या टीममध्ये काढण्याजोगं कोणी नाहीच, तरी तिथे एकाचा बळी जाणार. उलट साधारण 15 टक्के टीममध्ये असे दोन किंवा जास्त जण निघतील आणि तिथे कोणीतरी सुटणार. माणूस राहणार की जाणार हे त्याच्या कामावर ठरत नाही, शेजारी कोण बसलंय त्यावर ठरतं.

माणसांनाही हे लगेच कळतं. हुशार माणूस हुशारांच्या टीममध्ये जायला नको म्हणतो. नव्याला शिकवायला कोणी वेळ देत नाही, कारण तो पुढे गेला की आपण मागे पडणार. काही मॅनेजर तर पुढच्या वर्षी नाव द्यायला कोणीतरी हवं म्हणून कमकुवत माणूस सांभाळून ठेवतात. मायक्रोसॉफ्टने ही सक्तीची क्रमवारी 2013 साली बंद केली, ती उगाच नव्हे.

दुसऱ्या मुद्द्याला डेमिंग पुरेसे आहेत. अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ एडवर्ड्स डेमिंग यांनी 1950 साली जपानच्या इंजिनिअरांना आणि उद्योगप्रमुखांना गुणवत्ता नियंत्रणावर व्याख्यानं दिली. तिथला गुणवत्तेचा मोठा पुरस्कार आजही त्यांच्याच नावाने दिला जातो. आपल्या कार्यशाळांमध्ये ते सहा जणांना पुढे बोलवत. पेटीत पांढरे आणि लाल मणी, दर पाचवा मणी लाल. 50 खड्ड्यांची फळी पेटीत बुडवून काढायची. लाल मणी म्हणजे सदोष माल. पेटी तीच, फळी तीच, पद्धतही ठरवून दिलेली. तरी एकाच्या फळीवर 6 लाल येतात, दुसऱ्याच्या 14. डेमिंग सुपरवायझर होऊन पहिल्याला शाबासकी देत, दुसऱ्याला झापत आणि शेवटी ‘चांगले’ तिघे ठेवून बाकीच्यांना घरी पाठवत. त्या तिघांच्या फळीवर पुढेही सरासरी तितकेच लाल मणी, कारण पेटी बदललेलीच नसे. वार्षिक गुणांकनाला त्यांनी व्यवस्थापनाच्या जीवघेण्या आजारांमध्ये बसवलं होतं. माझ्या बहिणीच्या टीमची पेटी म्हणजे अर्धवट माहिती, शेवटच्या क्षणी बदलणारी मागणी आणि तीन महिने रिकामी असलेली एक जागा. या पेटीबद्दल फॉर्ममध्ये एकही रकाना नाही.

जनरल इलेक्ट्रिकचं म्हणाल, तर वेल्च 1981 ते 2001 प्रमुख होते आणि त्या काळात कंपनीचं बाजारमूल्य प्रचंड वाढलं, हे खरं. पण त्याच काळात अमेरिकेचा सगळा शेअर बाजारही चढत होता आणि कंपनीच्या नफ्याचा फार मोठा वाटा तिच्या वित्त शाखेतून येत होता. 2008 च्या आर्थिक संकटात तीच शाखा गळ्याशी आली, आणि 2018 मध्ये कंपनी अमेरिकी शेअर बाजाराच्या डाउ जोन्स निर्देशांकातून बाहेर पडली. श्रेय 10 टक्क्यांच्या नियमाला द्यायचं आणि बाकी काही बघायचंच नाही, असं चालणार नाही.

भीतीबद्दल जास्त लिहीत नाही. माणूस मुळात कामचुकार असतो या गृहीतकाला व्यवस्थापनाचे अमेरिकन अभ्यासक डग्लस मॅकग्रेगर यांनी 1960 मध्येच ‘थिअरी एक्स’ असं नाव देऊन त्याची चिरफाड केली आहे. भ्यालेला माणूस चूक लपवतो, इतकं कुठल्याही टीम लीडला ठाऊक असतं.

शेवटचा मुद्दा मात्र अर्धा मान्य करावा लागतो. कमी पडणाऱ्याला वर्षानुवर्षं गोड बोलत ठेवायचं आणि एक दिवस अचानक नारळ द्यायचा, हा अन्यायच आहे. पण खरं सांगायला क्रमवारी कशाला हवी? समोर बसवून, उदाहरणं देऊन, दर महिन्याला सांगता येतं. बहीण ते करतेच.

तिला म्हटलं, रकाना रिकामा ठेव आणि 48 टक्क्यांचं गणित फॉर्मला जोडून पाठव. सोबत सातही जणांचं वर्षभराचं काम आणि प्रत्येकाचं कुठे अडलं तेही लिही. त्या रिकाम्या जागेसकट.