न छापण्याचा खर्च

स्वस्तातला इंकजेट प्रिंटर शेवटी महागात पडतो, हे आता कुणाला सांगायला नको. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. माझी तक्रार त्याच्या पुढची आहे. आमच्याकडे कोंबडी न शिजवताही मसाला संपतो.

छापायचं असतं तरी किती? लेकीचा एखादा फॉर्म, नवऱ्याचं एखादं तिकीट, तेही काळ्या अक्षरांत. तरी शाई संपते, कारण ती प्रिंटर स्वतःच पितो. बटण दाबलं की आधी घसा खाकरल्यासारखा आवाज, मग खर्रर्र, खट्ट, पुन्हा खर्रर्र. "तयारी करतोय गं," नवरा कौतुकाने म्हणतो. शाई सोडणाऱ्या नोझलची भोकं केसापेक्षा बारीक. त्यांत शाई वाळून बसू नये म्हणून हे महाशय अधूनमधून थोडी शाई ओढून बाहेर टाकतात. बाहेर म्हणजे नक्की कुठे, ते मी झाकण उघडून, बॅटरी लावून पाहिलं. ही नोझलं ज्यावर बसवलेली असतात ते हेड जिथे मुक्कामाला असतं तिथे रबराची छोटीशी टोपी, तिच्यातला स्पंज काळानिळा, चिंब. हा नुसता उंबरठा. खरा साठा खाली, पोटातल्या पॅडमध्ये मुरतो. सांडलेल्या शाईचा हिशेब मात्र तो चोख ठेवतो आणि आकडा भरला की संपावर जातो.

शाई उडवणं हा तसा याच्या घराण्याचाच गुण. 1977 मध्ये कॅननच्या प्रयोगशाळेत गरम सोल्डरिंग आयर्न चुकून शाईच्या सिरिंजच्या सुईला लागलं, सुईतून शाई उडाली आणि त्यातून उष्णतेने शाई उडवणाऱ्या प्रिंटरची कल्पना सुचली, असं सांगतात. तेव्हापासून ती उडतेच आहे.

त्यात नवऱ्याची काटकसर. तो दिसेल ते बटण भिंतीवरून बंद करतो. प्रिंटर त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद केला तर हेड शहाण्यासारखं टोपीखाली जाऊन बसतं. काम चालू असताना वीज तोडली, तर ते उघड्यावर पडतं, शाई वाळते आणि मग दणकून साफसफाई. वीज वाचते चिमूटभर.

परवा एक साधं पत्र हवं होतं. स्क्रीनवर उत्तर आलं: पिवळी शाई संपली आहे. पत्रात पिवळं काय होतं? काही नाही. पण काळा रंग अधिक गडद दिसावा म्हणून काही प्रिंटर त्यात बाकीचे रंगही मिसळतात म्हणे. बरं, मग निदान स्कॅन तरी कर. तेही नाही! स्कॅनला काच लागते, दिवा लागतो, शाई लागत नाही, हे मी त्याला मोठ्याने समजावून सांगितलं. लेक दारातून बघून परत गेली. आमच्या कार्ट्रिजमध्ये तिन्ही रंग एकाच डबीत आहेत, म्हणजे पिवळ्याच्या पापात निळा आणि गुलाबीही कचऱ्यात.

खोक्यावर पानांचा भरघोस आकडा असतो, पण तो ठरावीक पानं सलग छापून काढलेला. घरात असं सलग कोण छापतं? दुसऱ्याची शाई भरावी, तर कार्ट्रिजवरची चिप लगेच चुगली करते. एकदा विकलेल्या कार्ट्रिजवर कंपनीला पेटंटचा हक्क गाजवता येत नाही, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने लेक्समार्क या प्रिंटर कंपनीच्या खटल्यात 2017 मध्ये दिला. आमच्या प्रिंटरने तो वाचलेला नाही. वाचायला द्यायचा तर आधी छापावा लागेल.

"नवाच घेऊ, कार्ट्रिजच्या भावात येतो," असा नवऱ्याचा तोडगा. नव्या प्रिंटरसोबत येणारी कार्ट्रिजं बहुतेक वेळा कमीच भरलेली असतात, ते वेगळं. शाईच्या टाकीवाला घ्यावा, तर यंत्रालाच आधी जास्त पैसे मोजायचे. शिवाय खाकरतो तोही.

नोझल वाळू नयेत म्हणून अधूनमधून एक रंगीत पान छापत जा, असा सल्ला मिळाला आहे. छापण्यासारखं घरात काही नाही, म्हणून मी प्रिंटरचंच माहितीपुस्तक छापायला घेतलंय. सध्या 'शाईची बचत कशी करावी' हे प्रकरण चालू आहे. चित्रं फार आहेत त्यात, आणि सगळी पिवळ्या पार्श्वभूमीवर.